कर्जासोबत माथी मारलेला विमा: प्रीमियम आणि त्यावरचं व्याज परत कसं मागायचं

मामीची एक सवय आहे. बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला की ती रक्कम वहीत टिपून ठेवते. मामांनी घरासाठी २४ लाखांचं कर्ज घेतलं तेव्हापासून दर महिन्याच्या ५ तारखेला वहीत दोन आकडे पडत होते: २१,५९३ आणि १,०८०. पहिला घराचा हप्ता, हे तिला माहीत होतं. दुसरा कशाचा, ते मामांनाही सांगता येईना. चौदा महिन्यांनी मी सांगलीला गेलो तेव्हा तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "हे एवढं बघून दे रे."

फाईल काढली. दुसरा आकडा निराळ्याच कर्जखात्याचा होता. १,२०,००० रुपयांचं कर्ज, मुदत २० वर्षं, कारण 'विमा'. मामांच्या नावाने एकरकमी प्रीमियमची पॉलिसी काढली होती, तो प्रीमियम भरायला बँकेनेच त्यांना आणखी एक कर्ज दिलं होतं आणि त्याचा हप्ता गुपचूप सुरू झाला होता. मामांना आठवत होता तो फक्त सह्यांचा दिवस. पेन्सिलीने फुल्या मारलेला कागदांचा गठ्ठा, "इथे, इथे आणि इथे" असं सांगणारं बोट, आणि दोन दिवसांवर आलेली बिल्डरला चेक द्यायची तारीख. विम्याचं नाव निघालं तेव्हा "तो सगळ्यांनाच घ्यावा लागतो काका, आरबीआयचा नियम आहे" एवढंच उत्तर मिळालं होतं.

असा नियम नाही. कर्जासाठी जीवन विमा सक्तीचा करणारा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही. घर किंवा गाडी तारण असेल तर त्या वस्तूचा विमा उतरवा, असं बँक सांगू शकते आणि ते रास्तही आहे. पण तुमचा जीवन विमा, अपघात विमा किंवा 'क्रेडिट शिल्ड' (कर्जदाराला काही झालं तर कर्ज फेडणारा विमा) आमच्याच कंपनीकडून घ्या, नाहीतर कर्ज मिळणार नाही, असं म्हणता येत नाही. बँक इथे विमा कंपनीची एजंट असते आणि विकलेल्या प्रत्येक पॉलिसीवर तिला कमिशन मिळतं. घाई असते ती त्यासाठी.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये याला 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स', थोडक्यात पीपीआय म्हणत. २०११ मध्ये तिथल्या बँका या प्रश्नावर कोर्टात हरल्या आणि पुढच्या वर्षांत त्यांना ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. तिथे दावा करायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. त्या प्रकरणातली एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. लाखो लोकांनी साधा अर्ज भरून देणाऱ्या मध्यस्थांना परताव्यातला मोठा वाटा दिला, आणि तोच अर्ज ज्यांनी स्वतः केला त्यांना एक पैसाही खर्च आला नाही. भारतातही पुढची सगळी कामं तुम्ही स्वतः करू शकता.

आधी विमा शोधा

बऱ्याच जणांना आपल्याला असा विमा विकलाय हेच ठाऊक नसतं. म्हणून शंका असो वा नसो, तीन कागद काढून बघा.

पहिला कागद खातेउताऱ्याचा. मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष हातात, किंवा बिल्डरच्या खात्यात, पडलेली रक्कम यांत फरक किती? ५ लाखांचं पर्सनल लोन मंजूर होऊन खात्यात ४ लाख ६० हजार आले असतील, तर प्रोसेसिंग फी वजा करून उरलेले पैसे कुठे गेले, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मामांसारखं जोडीला दुसरं कर्जखातं उघडलंय का, तेही बघा. 'इन्शुरन्स लोन', 'टॉप-अप', 'प्रोटेक्शन' अशा नावांनी ते सापडतं.

दुसरा कागद 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांना ते देणं बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. विम्याची रक्कम त्यात वेगळी दाखवावी लागते आणि एकूण वार्षिक खर्चाच्या टक्केवारीत, म्हणजे एपीआरमध्ये, धरावी लागते. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत कधीही लावता येत नाही. तुमचं कर्ज या तारखेनंतरचं असेल आणि केएफएसमध्ये विम्याची ओळच नसेल, तर तुमची बाजू तिथेच भक्कम झाली.

तिसरा कागद विम्याचं प्रमाणपत्र. ही बहुतेक वेळा समूह पॉलिसी असते: मूळ पॉलिसी बँकेच्या नावाने आणि तुम्हाला फक्त सदस्यत्वाचं प्रमाणपत्र. ते कधी ईमेलच्या स्पॅममध्ये पडलेलं असतं, कधी आलेलंच नसतं. आलंच नसेल तर तसं लिहून ठेवा, पुढे त्याचा उपयोग होतो.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. खरीप २०२० पासून पीक विमा कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक आहे. मात्र नको असेल तर भरायच्या शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी तसं बँकेला लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. बचत खात्यातून दरवर्षी ४३६ आणि २० रुपये कटत असतील, तर ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या सरकारी योजनांचे आहेत. ते विमे स्वस्त आणि कामाचे आहेत, त्यामुळे निव्वळ रागाच्या भरात बंद करू नका.

फसवून विकला, हे कशावरून म्हणायचं?

विमा महाग वाटणं पुरेसं नाही. विक्रीत काय चुकलं, ते नेमकं सांगता आलं पाहिजे. विमा सक्तीचा आहे असं खोटं सांगितलं का? विचारलंच नाही का? फॉर्म कोरा असताना सही घेतली का? २० वर्षांच्या कर्जाला ५ वर्षांचंच कवच दिलं का? हप्ता भरतो मुलगा आणि विमा मात्र निवृत्त वडिलांचा, असं झालं का? एकरकमी आणि दरवर्षीचा असे दोन पर्याय असताना एकच दाखवला का?

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आरोग्याची घोषणा. मामांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज दोन गोळ्या घेतात. प्रस्तावाची प्रत हातात आली तेव्हा 'मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार' या रकान्यापुढे सगळीकडे 'नाही'वर बरोबरची खूण होती. शाई निळी, अक्षर दुसऱ्याचं, खाली सही मामांची. हा कागद बघून मामी बराच वेळ काही बोलली नाही. कारण उघड होतं. पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत मामांना काही झालं असतं, तर आजार लपवल्याचं कारण पुढे करून कंपनीने दावा नाकारण्याची पुरेपूर शक्यता होती. म्हणजे पैसे भरूनही, ज्या दिवसासाठी विमा घेतला त्याच दिवशी तो हातचा गेला असता.

म्हणून पहिली मागणी नेहमी कागदांची करा. सही केलेला प्रस्ताव, आरोग्याची घोषणा, प्रीमियमची पावती, विक्रेत्याचं नाव आणि कोड. पॉलिसीसोबत प्रस्तावाची प्रत देणं हे विमा कंपनीचं कामच आहे. आपली बाजू मांडायला लागणारा अर्धा पुरावा त्यांच्याच कपाटात असतो.

नेमकं किती मागायचं?

इथे बहुतेक लोक चुकतात. प्रीमियम परत मिळाला की प्रकरण मिटलं असं त्यांना वाटतं. पण प्रीमियम कर्जात मिसळला असेल तर त्यावर व्याजही चढलेलं असतं.

मामांचाच हिशेब घ्या. १,२०,००० रुपये, ९ टक्के, २० वर्षं. महिन्याला १,०८० म्हणजे एकूण सुमारे २ लाख ५९ हजार. चौदा हप्ते भरून झाले होते, म्हणजे १५,१२० रुपये गेले होते, आणि त्यातून मुद्दल फिटलं होतं जेमतेम २,६५०. बाकी सगळं व्याज. विमा कंपनीने नुसते १,२०,००० परत केले असते तरी मामांच्या खिशातून गेलेले साडेबारा हजार तसेच राहिले असते. पर्सनल लोनमध्ये मुदत लहान पण दर मोठा असतो: ३०,००० चा प्रीमियम १४ टक्क्यांनी ५ वर्षांच्या कर्जात घातला तर महिन्याला ६९८ रुपये पडतात आणि शेवटी जवळपास ४१,९०० भरले जातात.

म्हणून मागणीचे दोन भाग करा. विमा कंपनीकडे पूर्ण प्रीमियम करासकट. बँकेकडे त्या प्रीमियमवर आजपर्यंत लावलेलं व्याज, आणि पुढचा हप्ता किंवा मुदत कमी केल्याचं लेखी पत्र. विम्याचे पैसे पहिल्या तारखेपासून कर्जात धरलेच नव्हते, असं समजून खात्याचा हिशेब नव्याने करा, अशी मागणी असली पाहिजे.

पॉलिसी नवीन असेल तर

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत असाल तर भांडायची गरजच नाही. याला 'फ्री लूक' म्हणतात. २०२४ च्या नियमांनी ही मुदत सगळ्यांसाठी ३० दिवस केली, त्याआधी कागदी पॉलिसीला ती १५ दिवस होती. या काळात पॉलिसी परत केली तर तितक्या दिवसांचा जोखमीचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क एवढंच कापून बाकी पैसे परत मिळतात. समूह विम्याच्या प्रमाणपत्रावर ही अट कशी छापली आहे ते वाचा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. शाखेत तोंडी सांगून घरी येऊ नका. "मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या" असं होत होत ते ३० दिवस निघून जातात.

मुदत उलटली असेल तरी खचू नका. "फ्री लूक संपला, आता काही होत नाही" हे उत्तर तुम्हाला मिळणारच. फ्री लूक म्हणजे कारण न देता परत करायचा हक्क. चुकीच्या विक्रीची तक्रार ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ३० दिवसांत संपत नाही. शिवाय प्रमाणपत्र हातात आलंच नसेल, तर दिवस मोजायला सुरुवात कुठून केली, हे त्यांनी दाखवायला हवं.

पत्र

दोन पत्रं, एकाच दिवशी: एक विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दुसरं बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला. दोन्ही पत्ते त्यांच्या वेबसाइटवर असतात. ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर साधारण असा:

"माझ्या कर्जखात्यातून (क्रमांक अमुक) दिनांक अमुक रोजी विम्यापोटी रु. अमुक वळते केले. हा विमा मी मागितला नव्हता. तो कर्जासाठी सक्तीचा आहे, असं मला आपल्या शाखेत सांगण्यात आलं. त्याच्या अटी, मुदत आणि खर्च मला समजावून सांगितला नाही. प्रस्तावातली आरोग्याची माहिती मी भरलेली नाही आणि ती चुकीची आहे. विमा रद्द करून पूर्ण प्रीमियम करासह परत करावा, त्यावर लावलेलं व्याज परत करावं आणि नवीन परतफेडीचा तक्ता द्यावा. माझ्या सहीच्या प्रस्तावाची, आरोग्य घोषणेची आणि प्रीमियम पावतीची प्रत सोबत द्यावी."

जे खरं नाही ते वाक्य काढून टाका. कोणाचं काम कशाने अडलं, कोण उद्धट वागलं, हे पत्रात घालू नका. तारखा आणि रकमा असलेलं एक पान, चार पानांच्या संतापापेक्षा जास्त काम करतं. फोनवर बोलणं झालंच, तर लगेच "आज ११ वाजता आपण मला असं सांगितलंत" असा ईमेल टाका.

"पण तुम्ही सही केली आहे" हे उत्तर येईल. सही नाकारू नका. सही माझी आहे, पण ती कोणत्या माहितीवर घेतली आणि रकाने कोणी भरले, हा माझा प्रश्न आहे, असं लिहा.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

विमा कंपनीने दोन आठवड्यांत तक्रार सोडवणं अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. १५५२५५ या क्रमांकावरूनही ती नोंदवता येते. यावर निकाल नियामक देत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण तिचं उत्तर आता नियामकाच्या नजरेखाली द्यावं लागतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही हालचाल होते.

खरा निवाडा विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, होतो. कंपनीने नकार दिला, किंवा तक्रारीला महिना होऊनही उत्तर दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. अटी चुकीच्या सांगणं, प्रस्तावाशी न जुळणारी पॉलिसी देणं, प्रीमियमचा वाद, ही सगळी कारणं त्यांच्या अखत्यारीत येतात, समूह विमाही येतो. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत आणि गोव्याच्या तक्रारी मुंबईकडे जातात. अर्ज ऑनलाइन करता येतो. लागणारे सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो.

मामांची सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, माझ्या मोबाइलवर. आम्ही तीनच कागद पुढे ठेवले: मामीच्या वहीचं पान, आरोग्याची घोषणा, आणि त्या घोषणेच्या आधीच्या तारखेची मधुमेहाच्या औषधांची चिठ्ठी. हा रकाना कोणी भरला, असं विचारल्यावर कंपनीच्या प्रतिनिधीकडे उत्तर नव्हतं. प्रीमियम परत करायला कंपनी तयार झाली.

व्याजाचा भाग बँकेशी संबंधित आहे, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवस होऊ द्या, नंतर एक दिवसही न दवडता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर अर्ज करा. तेही फुकट आहे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बहुतेक बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या या योजनेत येतात. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. त्यांच्याबद्दल तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात तक्रार करायची. विमा कंपनीविरुद्धचा विमा लोकपालाचा रस्ता मात्र कर्ज कोणीही दिलेलं असलं तरी खुला राहतो. दोन्ही लोकपालांकडे एकाच रकमेची मागणी करू नका. प्रीमियम इकडे आणि व्याज तिकडे, असं स्पष्ट वाटून लिहा.

सगळ्यात शेवटी ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वेळ मात्र जास्त लागतो. आयोगात प्रकरण चालू असेल तर त्याच विषयावर विमा लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग हाच क्रम ठेवा. फक्त दोन वर्षं उलटू देऊ नका.

या चुका टाळा

वाद चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नका. सिबिल बिघडतं आणि तुमची स्वच्छ बाजू विनाकारण मळते.

घरात एकच कमावता असेल आणि दुसरा कुठलाही विमा नसेल, तर हा रद्द करायच्या आधी स्वतः निवडून, आजार खरे सांगून दुसरा घ्या. मामांनी तेच केलं. मधुमेहामुळे प्रीमियम जास्त बसला, पण आता मामींच्या हातात खरी माहिती असलेली पॉलिसी आहे. कर्जदार आजारी असेल किंवा दावा करण्याची वेळ जवळ दिसत असेल, तर परताव्याच्या मागे न लागता आधी कवचाचा नीट विचार करा.

कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर एकरकमी प्रीमियमचा विमा आपोआप बंद होत नाही आणि उरलेल्या काळाचे पैसेही आपोआप येत नाहीत. नो ड्यूज, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, घेताना विमा कंपनीकडे सरेंडरचा, म्हणजे विमा बंद करून पैसे परत मागायचा, लेखी अर्ज करा. जुनी फेडलेली कर्जंही या नजरेने एकदा चाळून बघा.

"तुमचा विमा परतावा मंजूर झालाय, आधी जीएसटी भरा" असा फोन आला तर तो ठगाचा समजा. लोकपाल किंवा विमा नियामक पैसे मागायला कधीही फोन करत नाही.

परतावा आल्यावर शेवटचं काम उरतं. विमा कंपनीचे पैसे बहुधा थेट कर्जखात्यात जातात, म्हणून ते कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा झाले ते उताऱ्यावर बघा. दुसरं कर्जखातं असेल तर ते शून्य होऊन बंद झाल्याचं पत्र घ्या. विमा मुख्य कर्जातच मिसळला असेल तर नव्या तक्त्यात हप्ता किंवा मुदत खरंच कमी झाली का, ते ताडून घ्या. मामांच्या प्रकरणात बँकेने व्याज परत केलं, पण विम्याच्या खात्याचा ईसीएस, म्हणजे आपोआप हप्ता कापायची सूचना, बंद करायचा राहिला आणि पुढच्या ५ तारखेला पुन्हा १,०८० गेले. मामीने ते वहीत लिहिलं, मामा दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन शाखेत गेले आणि चौथ्या दिवशी ते पैसे परत आले.